मुदतीचे गाठोडे

भुशीचे नाव काढले की हल्लीच्या माणसाच्या डोळ्यांपुढे धरणाच्या पायऱ्यांवरून खळाळत येणारे पाणी उभे राहते, त्या पाण्यात बसलेली शेकडो माणसे दिसतात आणि भाजलेल्या कणसांचा धूर नाकात शिरतो. हे धरण मुळात मौजेखातर बांधलेले नाही, ही गोष्ट त्या गर्दीतील फार थोड्यांस ठाऊक असेल. बोरघाटातून आगगाडी १८६३ साली वर आली आणि तिच्या मागोमाग तिची तहानही वर आली. सदतीस फुटांस एक फूट असा तो चढ. तो चढून आलेल्या वाफेच्या इंजिनास लोणावळ्यास पाणी हवे असे, आणि ते तेव्हाच्या तेव्हा हवे असे. त्यासाठी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने १८६० नंतरच्या दशकात हे धरण बांधले. मावळात पाण्याला तोटा नाही. आषाढात तर नको नको म्हणावे इतके पाणी पडते. तोटा होता तो खात्रीच्या पाण्याचा. वैशाखात येऊन उभ्या राहिलेल्या इंजिनास गेल्या आषाढातील विपुलतेचे वर्णन ऐकवून काय उपयोग? धरणाने पाणी वाढत नाही. त्याला वेळेवर हजर राहण्याची शिस्त मात्र लागते. मुंबई-पुणे मार्गावर १९२९-३० च्या सुमारास विजेची इंजिने धावू लागली, पुढे वाफेची नाहीशी झाली, आणि धरण मागे राहिले.

या धरणापासून थोड्याच अंतरावर आमचे बिऱ्हाड आहे, आणि तेथे बसून आम्ही जो उद्योग करतो तो शेजाऱ्यापाजाऱ्यांस समजावून सांगणे हे त्या उद्योगाहूनही अवघड काम आहे. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलेच, "रात्रभर दिवा जळत असतो तुमचा, करता तरी काय?" आम्ही म्हणालो, "गाठोडे बांधतो." "कशाचे?" "कर्नेलचे." काकू गप्प झाल्या. आमच्या घरावरून पुढे गेलेला रस्ता आय.एन.एस. शिवाजी या नौदलाच्या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेकडे जातो. त्यामुळे आम्ही कोणा सेनाधिकाऱ्याच्या सामानाची बांधाबांध करतो असा त्यांचा समज झाला असावा. नौदलात कर्नल हा हुद्दाच नसतो, हे त्यांस सांगण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

कर्नेल म्हणजे संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा. यंत्रातील गणिती मेंदू एक किंवा मोजके, आणि त्यांच्याकडे काम घेऊन आलेली कार्ये शेकडो. कोणास कधी आत सोडावे, कोणी किती वेळ बसावे, हे ठरवणारा कारभारी तो कर्नेल. लिनक्स नावाचा कर्नेल कोणासही विनामूल्य मिळतो, उघडून पाहता येतो, बदलता येतो आणि पुढे देता येतो. परंतु तो मिळतो तो मूळ लिखाणाच्या स्वरूपात, म्हणजे शेतावरून आलेल्या धान्यासारखा. ते निवडून, दळून, पुडी बांधून, पुडीवर आत काय आहे ते लिहून घरोघर पोहोचवणाऱ्या मंडळ्या आहेत. त्यांस डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. इयान मर्डॉक यांनी १९९३ साली आरंभलेली डेबियन ही त्यांतील जुनी आणि मोठी. जगभरचे स्वयंसेवक ती चालवतात. पॅकेज म्हणजे तिच्या दुकानातील पुडी. पुडीवर नाव असते, आवृत्तीचा क्रमांक असतो, ही पुडी वापरण्यास आणखी कोणत्या पुड्या घरात हव्यात त्यांची यादी असते, बांधणाऱ्याचे नाव व पत्ता असतो, आणि चार ओळींचे वर्णन असते. आमच्या गोष्टीत त्या चार ओळींचेच महत्त्व आहे.

ज्या कर्नेलचे गाठोडे आम्ही बांधत होतो तो 'रिअल-टाइम' जातीचा. या शब्दाने पुष्कळांचा घोटाळा होतो. त्याचे 'वास्तव-काळ' असे भाषांतर कोठे कोठे वाचावयास मिळते. त्याने बोध काहीच होत नाही, उलट तत्त्वज्ञानाचे पुस्तक उघडल्यासारखे वाटते. बहुतेकांची समजूत अशी की रिअल-टाइम म्हणजे चपळ. तसे नाही. जुन्या लग्नांतील घटिकापात्र आठवावे. घंगाळातील पाण्यावर तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी तरंगत ठेवीत. ती भरून बुडाली म्हणजे एक घटका, चोवीस मिनिटे, झाली. तिच्याकडे डोळे लावून एक भटजी बसलेले असत. त्यांस धावावयाचे नव्हते, ओझे उचलावयाचे नव्हते. वाटी बुडताच तसे सांगावयाचे, इतकेच. ते घटकेत शंभर श्लोक म्हणणारे असोत. वाटी बुडाली त्या क्षणी जर ते यजमानांशी दक्षिणेची बोलणी करीत असतील तर त्या वाक्पटुत्वाचा मुहूर्ताला काय उपयोग? उशिरा आलेले बरोबर उत्तर हे चुकीचेच उत्तर होय. आम्ही या जातीस 'मुदतीचा कर्नेल' म्हणतो. त्याने घाई केली नाही तरी चालते. मुदत चुकवता कामा नये.

साधा कर्नेल गर्दीच्या पंगतीतील कुशल वाढप्यासारखा असतो. एकूण पंगत लवकर उठावी, कोणी उपाशी राहू नये, यावर त्याची दृष्टी. एखाद्या पानावर कोशिंबीर अंमळ उशिरा आली तर तो मनावर घेत नाही, आणि आपणही घेत नाही. परंतु धातू कापणारे यंत्र त्या पंगतीत बसले असेल तर? तळेगावच्या बाजूला आमचे एक स्नेही साचे बनवण्याचा छोटा कारखाना चालवतात. त्यांच्या जुन्या मिलिंग यंत्रावरील मूळचा नियंत्रक निकामी झाला, आणि नव्याची किंमत यंत्राहून अधिक. तेव्हा त्यांनी लिनक्ससीएनसी ही प्रणाली एका साध्या संगणकावर चढवली. अमेरिकेतील राष्ट्रीय मानक संस्थेत हिचे मूळ आहे. ती फुकट मिळते, आणि २०२३ च्या डेबियनमध्ये तिची पुडीही आली. यात संगणकाने सेकंदातून हजार वेळा यंत्रास विचारावयाचे, 'तू कोठे आहेस?' आणि उत्तर ऐकून सांगावयाचे, 'आता तेथे जा.' प्रत्येक सवालजवाबास एक सहस्रांश सेकंदाची मुदत. ती टळली की यंत्र शहाणपणाने जागच्या जागी थांबते, कारण ज्याचा चालक गप्प झाला आहे त्या गाडीने पुढे जाऊ नये.

साध्या कर्नेलला मुदत पाळावयास शिकवण्याचा उद्योग २००४ च्या सुमारास सुरू झाला. इंगो मोल्नार, थॉमस ग्लाइक्सनर, स्टीव्हन रोस्टेड ही त्यातील ठळक नावे. त्यांचे काम कर्नेलच्या अधिकृत लिखाणात एकदम शिरले नाही. ते 'पॅच' म्हणून, म्हणजे ठिगळ म्हणून, बाहेर राहिले. दर नव्या आवृत्तीला वस्त्राचा बेत बदले आणि ठिगळ नव्याने बेतावे लागे. त्यातील पुष्कळसा भाग हळूहळू मूळ वस्त्रात विणला गेला, पण उरलेले ठिगळ लावण्याचे काम वीस वर्षे चालले. आम्हीही अशी ठिगळे लावण्यात अनेक पावसाळे घालवले आहेत. एखादी ओळ जुळत नसे, ती का जुळत नाही हे पाहता पाहता वीज जाई, आणि वीज येईपर्यंत आपण काय पाहत होतो तेच विसरून जाई.

त्या ठिगळात होते काय, याचा एकच मासला देतो, कारण तो आमच्या घराघरांतून घडणारा आहे. एकत्र कुटुंब समजा. देवघराची किल्ली एकच, आणि ती सर्वांत धाकट्या नातवाच्या हातात आहे. आजोबांना पूजेस बसावयाचे आहे. त्यांच्याहून मोठा मान घरात कोणाचा नाही. नातू किल्ली आणून देणारच आहे, पण वाटेत मधले काका त्याला गाठतात आणि एक म्हणतो पान आण, दुसरा म्हणतो वर्तमानपत्र आण. काकांनी आजोबांस अडवलेले नाही, तसे त्यांच्या स्वप्नीही नाही. तरी आजोबा तिष्ठत राहतात ते काकांमुळेच. याला प्राधान्याची उलटापालट म्हणतात. ही गोष्ट प्रत्यक्ष मंगळावर घडली. ४ जुलै १९९७ रोजी तेथे उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक मधूनच सारे टाकून पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ लागला. हवामानाची नोंद घेणारे हलक्या दर्जाचे कार्य किल्ली धरून बसे, मधल्या दर्जाची कार्ये त्यास मागे रेटीत, आणि सर्वांत वरच्या दर्जाचे कार्य खोळंबले की राखणदार घड्याळ यंत्रणा मुळापासून नव्याने सुरू करी. पृथ्वीवरून संदेश पाठवून जो उपाय केला तो असा : नातवाच्या हातात किल्ली आहे तोवर त्याला आजोबांचा मान द्यावयाचा, मग कोणत्या काकाची छाती आहे त्याला पान आणावयास पाठवण्याची? पाथफाइंडरची प्रणाली निराळी होती, पण हाच उपाय मुदतीच्या लिनक्सने आपल्या जवळजवळ सगळ्या किल्ल्यांना लावला.

आणि शेवटी हे काम अडले कशाशी, तर कर्नेलच्या बडबडीशी! आपण काय करीत आहोत हे पडद्यावर छापत राहण्याची त्याला सवय असते, आणि ते छापताना तो दुसऱ्या कोणाचे ऐकत नसे. ती सवय मोडण्यात वर्षे गेली. अखेर सप्टेंबर २०२४ मध्ये, व्हिएन्ना येथे मंडळी जमली असताना, उरलेले काम मुळात घेण्याविषयीची विनंती ग्लाइक्सनर यांनी कागदावर छापून, सोनेरी वेष्टनात गुंडाळून, लिनस टोरवाल्ड्स यांच्या हाती दिली. १७ नोव्हेंबर २०२४ रोजी ६.१२ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि ठिगळाचे वस्त्र झाले. ते वर्तमान आले तेव्हा भुशीस कोरडी थंडी पडली होती. आम्ही एकट्यानेच चहा करून घेतला.

येथून आमच्या चुकीस आरंभ होतो. डेबियनच्या तेव्हाच्या स्थिर आवृत्तीत ६.१ हा जुना कर्नेल होता. त्याचा मुदतीचा प्रकारही होता, आणि बहुतेकांचे त्यावर भागत होते. आमच्या स्नेह्यांच्या संगणकातील जाळ्याचे कार्ड मात्र त्यावर नीट चालेना. नव्यावर चालेल असे दिसत होते. हे कारण खरेच. पण त्याहूनही खरे कारण असे की वीस वर्षे जी ठिगळे आपण लावली ती आता लावावी लागणार नाहीत, तर त्या पहिल्या अखंड वस्त्राची पुडी आपल्या हातची असावी, असा मोह आम्हांस पडला. पुडी बांधून होण्यास अडीच तास लागले. मग ती आमच्याच संगणकावर चढवून रात्रभर परीक्षा घेतली. ही परीक्षा मोठी साधी असते. परीक्षेच्या दिवशी मुलगा जसा आईला सांगून निजतो की पाचाला उठव, तसा एक छोटा कार्यक्रम कर्नेलला सांगतो, 'मला अमुक क्षणी उठव,' आणि उठल्यावर घड्याळ पाहतो की किती उशीर झाला. सेकंदातून हजार वेळा याप्रमाणे बारा तासांत चार कोटी बत्तीस लाख वेळा त्याला उठवले गेले. सरासरी उशीर ३ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी तीन. सर्वांत मोठा ३८. आम्ही पुडीवरच्या वर्णनात एक ओळ घातली : कमाल विलंब ४० मायक्रोसेकंदांच्या आत. दोन मायक्रोसेकंदांचे औदार्य दाखवल्याचा आनंदही आम्हांस झाला.

फेब्रुवारीत स्नेह्यांचा माणूस एक पेटी ठेवून गेला. आत ॲल्युमिनियमचा एक साचा होता. तीन दिवसांचे काम. त्याच्या गुळगुळीत अंगावर, बरोबर मध्यावर, नखाने चाचपता यावी अशी एक खोच होती. यंत्र मुदत टळताच थांबले होते, पण पाते फिरतच राहिले आणि त्याने एकाच जागी धातू ओरबाडला. चिठ्ठी नव्हती. आम्हीच दूरध्वनी केला. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. आम्ही विचारले, "चढवण्याआधी तुमच्या यंत्रावर एक रात्र मोजून नाही का पाहिलेत?" ते शांतपणे म्हणाले, "अहो, तुम्ही लिहून दिलं होतंत ना? मग मी पुन्हा कशाला मोजू?"

या प्रश्नाला आमच्याजवळ एक कायदेशीर उत्तर होते. लिनक्स ज्या जी.पी.एल. परवान्याखाली मिळतो त्यात स्पष्ट म्हटले आहे की या वस्तूची कोणतीही हमी नाही. जगातील प्रत्येक पुडी बांधणारा या कलमाच्या आडोशाला निर्धास्त झोपतो. परंतु परवान्यात हमी नाकारावयाची आणि वर्णनात ४० चा आकडा लिहावयाचा, याला काय म्हणावे? एका हाताने वचन देऊन दुसरा हात पाठीमागे बोटे मोडीत ठेवण्यासारखेच ते. स्नेह्यांनी परवाना वाचलेला नव्हता. त्यांनी आमचा शब्द वाचला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या कारखान्यात जाऊन बसलो आणि त्यांच्याच यंत्रावर तीच परीक्षा लावली. पहिली अर्धी घटका आकडे आमच्या घरच्याहूनही सुंदर होते. मग, सुमारे चाळीस मिनिटांनी, एक उशीर नोंदला गेला : १,३४० मायक्रोसेकंद. पुढे पुन्हा सारे शांत. चोवीस लाखांत एकदा! सरासरीवर त्याचा डागही उमटला नव्हता. ती होती तेथेच, तीनावर. हा उशीर कर्नेलने केलेला नव्हता, इतकेच नव्हे तर तो झाल्याचे कर्नेलला कळलेही नव्हते. यंत्राच्या मुख्य पाटीवर कारखान्याने घातलेला एक खालचा कार्यक्रम असतो. त्याला वाटेल तेव्हा तो 'सिस्टिम मॅनेजमेंट इंटरप्ट' नावाची हाक देऊन सर्वांना जागच्या जागी गोठवतो, आपले काम उरकतो आणि निघून जातो. गोठलेल्याला आपण गोठलो होतो हे कसे कळावे? हा चोर पकडण्याची रीतही मौजेची आहे. एक पहारेकरी कार्यक्रम बाकी सारे कामकाज थोडा वेळ बंद करून नुसता घड्याळ पाहत बसतो. दोन पाहण्यांच्या मध्ये नसावी एवढी फट पडली, की समजावे काळ चोरीस गेला. आमच्या प्रकरणात बराच शोध घेता दिसले की जुन्या धर्तीच्या कीबोर्डची नक्कल करण्याची एक सोय त्या पाटीत चालू होती. ती कोणीच वापरीत नव्हते. ती बंद करताच चोरी थांबली.

पण आमचे मन त्या ओळीवरच घोटाळत राहिले. ३८ हा आकडा खोटा नव्हता. तो आमच्या मेजावरील यंत्राचा, एका रात्रीचा, कोरड्या थंडीतला खरा आकडा होता. साखरेची पुडी कोणत्याही घरात उघडली तरी गोडच लागते. म्हणून पुडीवर 'साखर' असे लिहिता येते. मुदत ही वस्तू पुडीत मावत नाही. ती कर्नेल आणि ते विशिष्ट यंत्र यांच्या संसारातून निपजते. लग्न लावून देणाऱ्याने फार तर मुलगी गुणी आहे एवढे सांगावे. संसार सुखाचा होईल असे लिहून देऊ नये. आम्ही लिहून दिले होते.

भुशीत राहणाऱ्यास सरासरीचा हा फोलपणा निराळ्या प्रकारे शिकावा लागला आहे, आणि तो या लेखात आणावा की नाही याचा आम्ही बराच विचार केला. ३० जून २०२४, रविवार. धरणाच्या मागच्या अंगाच्या धबधब्यात सहलीस आलेल्या एका कुटुंबातील पाच जण लोंढ्याबरोबर वाहून गेले. त्यांत मुले होती. पाहता पाहता पाणी चढले. साच्यावरची खोच आणि ही गोष्ट एका तागडीत घालणे अनुचित आहे, आणि आम्ही ती घालीत नाही. परंतु त्यानंतर त्या रस्त्याने जाताना आम्ही तेथील फलकांकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. फलक म्हणतो, धोका आहे. खरे आहे. ज्याने तो लिहिला त्याचे काम झाले. वाचणारा मात्र समोरचे पाणी पाहतो, आणि समोरचे पाणी त्या घटकेला सौम्य असते. फलकावर लिहिलेले खरे असणे आणि ते वाचणाऱ्याच्या कामी येणे यांत केवढे अंतर आहे! आमच्या पुडीवरची ओळही खरीच होती.

उपाय सुचला तो घाटात. पुण्याहून मुंबईकडे जाताना खंडाळ्याच्या पुढे गाडी उतरू लागते, तेथे मार्गाला आडवाटा फुटलेल्या दिसतात. त्यांस कॅच सायडिंग म्हणतात. आडवाट चढावर जाऊन संपते. अनोळखी माणसास वाटते, सांधा नेहमी मुख्य मार्गाला जोडलेला असेल आणि संकटकाळी कोणी तरी धावत येऊन तो आडवाटेकडे वळवीत असेल. नेमके उलट आहे. सांधा मुळात आडवाटेकडेच लावलेला असतो. उतरणाऱ्या गाडीने आपला वेग ताब्यात असल्याचे आधी दाखवून द्यावयाचे, मगच मुख्य मार्ग तिला खुला होतो. गाडी सुटली असेल तर कोणी काही करावे लागत नाही. ती आपोआप चढावर जाऊन थांबते. गाडी नुकतीच तपासून आणली आहे, इंजिन नामांकित आहे, चालक अनुभवी आहे, यांतील कोणतीही शिफारस तेथे चालत नाही. आत्ता, या उतारावर, तुझा वेग किती ते दाखव!

घरी येऊन आम्ही पुडी सोडली आणि पुन्हा बांधली. वर्णनातील आकडा काढून टाकला. त्याऐवजी अशी व्यवस्था केली की पुडी घरात आली तरी नवा कर्नेल यंत्राचा ताबा आपण होऊन घेणार नाही. जुनाच चालू राहील. मालकाने एक रात्र परीक्षा लावावयाची. त्या यंत्राने, त्या जागी, मालकाने स्वतः ठरवलेल्या मुदतीच्या आत सारी उत्तरे दिली, तरच सांधा फिरेल. मालकास आपली मुदत ठाऊक नसेल तर तो कधीच फिरणार नाही.

या धंद्यातील काही मंडळींस हे मुळीच रुचले नाही. एका ज्येष्ठ गृहस्थांनी आम्हांस लिहिले की पुडीने पुडीसारखे वागावे. घरात येऊन घरधन्याची परीक्षा घेणारी पुडी कोणी पाहिली आहे काय? शिवाय दहातले नऊ लोक त्या परीक्षेस कंटाळून पुडीच फेकून देतील. त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. सोय हा पुडीचा धर्म आहे, आणि आमच्या व्यवस्थेने ती सोय कमी केली, हे आम्हांस मान्य आहे. निदान तिघांनी ती पुडी फेकून दिल्याचे आम्हांस ठाऊक आहे. तरीही जो माणूस एक रात्र मोजण्यास तयार नाही त्याने फिरत्या पात्याशी खेळू नये, हे आमचे मत कायम आहे. आणि ते मत बनवण्यास आम्हांस दुसऱ्याच्या तीन दिवसांची किंमत लागली, हेही खरे.

९ ऑगस्ट २०२५ रोजी डेबियनची तेरावी आवृत्ती निघाली. तिचे नाव ट्रिक्सी. ही मंडळी आपल्या आवृत्त्यांस एका खेळण्यांच्या चित्रपटातील पात्रांची नावे देतात, आणि भल्याभल्या प्रयोगशाळांतून गंभीर माणसे ती नावे गंभीरपणे उच्चारतात. तीत ६.१२ आहे, आणि त्याचा मुदतीचा प्रकारही. आमच्या पुडीचे प्रयोजन संपले. तीत चार ओळी लिहून आम्ही ती मागे घेतली : ही पुडी यापुढे बांधली जाणार नाही, डेबियनची घ्यावी, आणि आपल्या यंत्रावर मोजावी.

त्या रात्री पाऊस मोठा होता, वीज दोनदा गेली होती. अकराच्या सुमारास स्नेह्यांचा दूरध्वनी आला. त्यांनी नवी आवृत्ती सकाळीच चढवली होती, पण यंत्र अद्याप कामास लावले नव्हते. "बारा तास मोजतोय," ते म्हणाले, "अजून एक तास राहिलाय. आकडा सांगू का आत्तापर्यंतचा?" आम्ही म्हणालो, तास पुरा होऊ द्या. खोच पडलेला साचा आमच्या मेजावर कागदांवर ठेवलेला होता. वारा सुटला की त्याचा उपयोग होतो. बारा वाजून गेल्यावर पुन्हा घंटी वाजली, आणि त्यांनी त्यांच्या यंत्राचा आकडा सांगितला.